जुन्या लाकडी वाड्याच्या सुरक्षिततेवर नजर कशी ठेवायची? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या भागांत सागवानी खांब-तुळयांची घरं अजून बरीच उभी आहेत. कुठे मालक राहतात, कुठे भाडेकरू, कुठे खाली दुकान आणि वरच्या मजल्याला कुलूप. पाहणीला गेलं की प्रश्न साधारण तेच ते येतात. खालची उत्तरं सागवानी चौकट, माती-विटांच्या भिंती आणि कवेलूचं किंवा धाब्याचं छत असलेल्या घरांसाठी आहेत. सिमेंटच्या इमारतींना ती लावू नका.

वाडा शंभर-सव्वाशे वर्षं उभा आहे. आता त्याला काय व्हायचंय?

नुसत्या वयाने काही होत नाही. कोरडं राहिलेलं सागवान शंभर वर्षांत फारसं कमजोर होत नाही. जुना खांब रंध्याने थोडा तासला तर आतलं लाकूड अजून तेलकट निघतं. खराब होतात ती टोकं, सांधे आणि बुंधे, म्हणजे जिथे पाणी साचतं आणि हवा लागत नाही त्या जागा.

दुसरी गोष्ट भाराची. आजोबांच्या काळी धाब्यावर पापड-कुरड्या वाळायच्या. आता तिथे हजार लिटरची टाकी असते, म्हणजे भरली की एक टन. गळतं म्हणून दर काही वर्षांनी वरून कोबा चढतो आणि जुना कोणी काढत नाही. कोब्याच्या दर इंचाला चौरस मीटरमागे पन्नासेक किलो धरा. इंच-इंचाचे तीन थर झाले की खालच्या कड्या (छत पेलणारी आडवी लाकडं) चौरस मीटरमागे दीडशे किलो जास्त उचलत असतात, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

स्ट्रक्चरल ऑडिट झालंय. मग आणखी देखरेख कशाला?

ऑडिटमधून त्या दिवशी घर कसं आहे ते कळतं. घर कुठे चाललंय ते कळत नाही. ओसरीचा खांब दोन इंच कललेला आहे, एवढं अहवाल सांगतो. तो गांधीजींच्या काळात कलला की गेल्या पावसाळ्यात, हे अहवालाला माहीत नसतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. पहिला कल घराने कधीच पचवलेला असतो. दुसरा अजून चालू असतो.

शिवाय बरेच ऑडिट सिमेंट-काँक्रीटच्या छापील नमुन्यावर होतात. एका वाड्याच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आणि कार्बोनेशनचे आकडे पाहिले. त्या वाड्यात काँक्रीट होतं फक्त संडासाच्या स्लॅबला. लाकडी घराच्या अहवालात तुळयांची टोकं, खांबांचे बुंधे, सांधे आणि ओलावा या चार गोष्टी नसतील, तर त्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

उन्हाळ्यात भेग वाढून राहिली, पावसाळ्यात आपोआप मिटते. हे काय आहे?

हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. दमट मुंबईच्या चाळींत तो इतका येत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांवर किंवा त्याखाली येते. त्या हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर जाते आणि तेच लाकूड १५-१६ टक्क्यांकडे सरकतं. सागवान हे कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेलं आहे. तरीसुद्धा २०० मिलिमीटर रुंदीची फळी वार्षिक वलयांच्या अंगाने कापलेली असेल, तर या दोन टोकांमध्ये ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हलते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ही हालचाल साधारण निम्मी असते. लांबीत जवळजवळ नसतेच. म्हणून खांब बुटका होत नाही, पण दाराची फळी चौकटीत अडकते.

जाड खांबाच्या गाभ्याला मात्र एका उन्हाळ्यात ही कोरड पोचत नाही. बाहेरचा थर आकसतो, आतला तसाच राहतो, आणि खांबाच्या अंगावर उभी चीर पडते. रेषांच्या बाजूने गेलेली अशी चीर बहुतेक खांबांना असते. खांबाचं वजन पेलण्याच्या ताकदीवर तिचा परिणाम थोडाच होतो.

आता याच्या जोडीला जमीन. शहराच्या मोठ्या भागाखाली काळी भारी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात फुगते. घराच्या मधल्या भागाखाली ओलावा बराचसा स्थिर राहतो, कडेला मात्र वर्षभर चढ-उतार चालू असतो. त्यामुळे बाहेरच्या भिंती आतल्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे एकाच वेळी भिंत वर-खाली होते आहे आणि लाकूड फुगतं-आकसतं आहे. अशा घरात मेमधलं माप ऑगस्टमधल्या मापाशी ताडून काहीच निष्कर्ष निघत नाही.

मे मेशी ताडा, सप्टेंबर सप्टेंबरशी. भेग मेमध्ये ४ मिलिमीटर, सप्टेंबरमध्ये १, पुढच्या मेमध्ये पुन्हा ४ आणि मग १, असं चालू असेल तर निवांत झोपा. ४, १, ५, २, ६, ३ असं चालू असेल तर इंजिनिअरला बोलवा. ऋतूबरोबर जे परत येतं ते ऋतूचं. जे परत येत नाही, तेवढंच शोधायचं आहे.

मग घाबरण्यासारखी भेग कोणती?

लाकडाच्या रेषांना आडवी गेलेली. ती तुळईच्या खालच्या अंगाला, मध्याजवळ दिसली तर त्याच दिवशी टेकू लावा, मोजमाप नंतर.

बाकी खुणा थोड्या सावकाशीच्या आहेत. सांध्यातून कूस (खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक) बाहेर सरकलेली दिसते आणि जिथून ती सरकली तिथे रंग-धूर न लागलेलं ताजं, फिकट लाकूड उघडं पडतं. तो फिकट पट्टा दर वर्षी रुंदावतोय का, ते बघा. जुन्या भेगेच्या आत कोळ्याचं जाळं, चुना, धूळ असते. नव्या भेगेचा आतला भाग स्वच्छ असतो. दारं पावसाळ्यात अडकणं नेहमीचंच, पण एप्रिल-मेमध्ये अडकू लागली तर चौकट वाकडी होतेय असं समजा. आणि वरच्या मजल्यावर चालताना एका ठरावीक जागीच ताट-वाट्या वाजायला लागल्या असतील, तर त्या जागेखालची कडी बघून घ्या.

आधी कुठे बघायचं?

खांबाच्या पायाशी. मूळ बांधणीत सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा जमिनीच्या वर हातभर नाही तरी चार-सहा बोटं असतो, आणि त्यामुळे बुंधा कोरडा राहतो. पुढे कोणीतरी शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी टाकतं. मग त्यावर कोटा, मग टाइल्स. जमीन चढत जाते आणि तळखडा खाली गडप होतो. आता खांब थेट टाइल्समधून उगवल्यासारखा दिसतो आणि भोवती पांढऱ्या सिमेंटची नीटनेटकी रिंग असते. रोज पोछा मारला की पाणी त्या रिंगेतून आत उतरतं आणि बाहेर यायला जागा नसते. वरून खांब तेलपाणी केलेला, चकचकीत. पायाशी चाकूचं टोक दाबलं तर बोटभर आत जातं. असा खांब दिसला की भोवतालची टाइल काढून तळखडा उघडा करा आणि तिथे चार बोटांची मोकळी फट ठेवा. महिनाभर वाळू द्या, मग किती लाकूड शिल्लक आहे ते मोजा.

काठमांडूचा काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडप २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळला. नंतरच्या उत्खननात एका मुख्य खांबाचा तळाच्या दगडाशी असलेला सांधा आधीपासूनच शाबूत नव्हता, असं दिसून आलं. वरची वास्तू शतकानुशतकं लोक पाहत होते. जमिनीखालची ती जागा कोणी पाहत नव्हतं.

दुसरी जागा म्हणजे भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. मातीच्या भिंतीत ते दिसत नाही, म्हणून बाहेरच्या अंगाने बघा. तिथे गिलावा फुगलाय का, पोपडे आलेत का, पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच जागी झिरपतंय का? तिसरी जागा न्हाणी. वाड्याच्या मूळ आराखड्यात वरच्या मजल्यावर न्हाणी नसायची. नंतर भाडेकरूंसाठी केलेल्या न्हाण्यांखालची लाकडं कायम संशयित धरा.

घरच्या घरी काय मोजता येईल?

बरंच. ओळंबा, पारदर्शक नळी, डिजिटल व्हर्निअर कॅलिपर आणि एक वही एवढं पुरतं.

ओळंबा खांबाच्या माथ्याजवळ पक्क्या खिळ्याला लटकवा. खाली तो डुगडुगत असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवा, स्थिर होतो. खांबाच्या पृष्ठभागापासून दोऱ्याचं अंतर वर आणि खाली मोजा, दोन शेजारच्या बाजूंनी. खिळा कायमचा राहू द्या, कारण पुढच्या वेळी जागा बदलली तर माप वाया गेलं.

पाण्याच्या नळीने वेगवेगळ्या खांबांच्या पातळ्या ताडता येतात. प्रत्येक खांबावर एक बारीक खूण कोरून ठेवा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा सगळं माप चुकवतो.

भेगेसाठी दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवा आणि त्यांच्या माथ्यांमधलं अंतर कॅलिपरने घ्या. दोनऐवजी तीन स्क्रू त्रिकोणात बसवले तर जास्त बरं. भेग रुंद होतेय की एक बाजू दुसरीवरून घसरतेय, ते तिन्ही अंतरांवरून कळतं. लोखंडी स्क्रू नकोत, सागवानात ते काळे पडतात. कॅलिपर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवत असला तरी हाताने घेतलेलं माप दहाव्या भागापर्यंतच खरं धरा.

माप नेहमी सकाळी, एकाच वेळी घ्या. दुपारी कवेलूखालचं लाकूड वेगळंच वागतं. वहीत तारीख, वेळ, कोणी मोजलं, आदल्या आठवड्यात पाऊस होता का आणि कूलर चालू होता का, हे लिहा.

भेगेवर काचपट्टी चिकटवली तर चालेल का?

जुना मार्ग आहे, पण आपल्या हवेत मला तो फारसा पटत नाही. काच फुटली म्हणजे हालचाल झाली एवढंच कळतं. किती झाली आणि परत आली का, ते कळत नाही. इथे ती मेमध्ये फुटली नाही तर ऑगस्टमध्ये फुटणारच, आणि घरात विनाकारण घबराट.

ओलावा मोजायचं यंत्र घ्यावं का?

घ्या. दोन टाचण्यांचं साधं मीटर पुरतं, पण त्याच्या आकड्याची पूजा करू नका. बहुतेक मीटर परदेशी सूचिपर्णी लाकडांसाठी लावलेले असतात. सागवानासाठी दुरुस्तीचा तक्ता सोबत मिळतो, तो वापरा. गरम लाकडात मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त ओलावा दाखवतो, क्षार चढलेल्या लाकडात तर फारच जास्त.

२० टक्क्यांच्या खाली राहिलेल्या लाकडाला बुरशीची भीती नाही. लाकूड ३० च्या आसपास बरेच दिवस राहिलं की कुजणं सुरू होतं. मला त्याहून उपयोगी वाटतो तो एकाच तुळईवरचा फरक. मध्यावर ९ आणि भिंतीजवळ १९ असेल, तर दोन्ही आकडे वीसच्या आत असले तरी भिंतीतून पाणी येतंय.

कूलरने खरंच काही होतं?

होतं, आणि आपल्या शहरात याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कूलर एप्रिल ते जून चालतो, म्हणजे लाकूड वर्षात सगळ्यात कोरडं असताना. लोखंडी स्टँड बहुतेक लाकडी गॅलरीतच असतो. टाकीत ८०-१०० लिटर पाणी, वर पत्र्याचं वजन, आणि सगळा भार चार बारीक पायांवर. पंप सुरू झाला की खसाच्या ताट्यांतून थेंब निसटतात आणि गॅलरीच्या फळीवरून कडीच्या टोकाकडे जातात. कूलर काढल्यावर स्टँडखालची फळी बघा. काळा डाग आणि पायाच्या जागी चार खळगे हमखास सापडतील. डाग फळीच्या खालून कडीवर उतरला असेल तर मीटर तिथेच लावा.

खोलीत सोडलेली दमट हवाही मोजमापात येते. कूलरच्या खोलीतलं लाकूड मेमध्ये पावसाळ्यासारखं वागतं आणि शेजारच्या बंद खोलीतलं उन्हाळ्यासारखं. म्हणूनच वहीत कूलरची नोंद हवी. जमलं तर स्टँड खालच्या जमिनीवरूनच उभा करा, त्याचा भार गॅलरीवर टाकू नका. नाहीच जमलं तर खाली उताराचा पत्र्याचा ट्रे आणि नळी.

वाळवी लागलीय. पेस्ट कंट्रोल केलं की काम झालं?

अर्धं झालं. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरचा पांढरा थर मात्र ती खाते. पुढच्या काळात दुरुस्तीसाठी घातलेलं हलकं लाकूड तर ती सोडतच नाही. त्यामुळे मूळ खांब शाबूत आणि नंतर जोडलेला ठिगळ पोकळ, असं दृश्य नेहमीचं.

आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर येते. नळी दिसली की सगळी खरडून टाकू नका. मध्ये दोन इंच तोडा आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. आठवड्याभरात ती पुन्हा जोडली गेली तर वसाहत जिवंत आहे. औषध मारल्यानंतरही हीच परीक्षा दर महिन्याला करा. उभ्या इमारतींतल्या वाळवी-उपचारासाठी आयएस (भारतीय मानक) ६३१३ चा भाग ३ आहे. ठेकेदाराला त्याप्रमाणे काम करायला सांगा, म्हणजे नुसता फवारा मारून तो निघून जाणार नाही. आणि पाणी बंद केल्याशिवाय वाळवी बंद होत नाही.

लाकूड ठोकून पोकळी कळते का? की मशीनच हवं?

मुरलेल्या सुताराला ठोकून खूप कळतं. भरीव खांब टणक वाजतो, पोकळ खांब भद्द आवाज देतो. आवाज बदलतो त्या जागी खडूने वर्तुळं काढत गेलं की खराबीचा नकाशा आपोआप तयार होतो. माथ्याकडची आणि भिंतीतली टोकं मात्र ठोकून कळत नाहीत.

तिथे रेझिस्टोग्राफ लागतो. बारीक सुईसारखं ड्रिल लाकडात जाताना किती जोर लागतो, त्याचा आलेख ते काढतं. भोक जेमतेम तीन मिलिमीटरचं पडतं, पण कोरीव भागावर ते कोणाला करू देऊ नका. लाकडातून आवाजाची लहर जायला किती वेळ लागतो, तेही मोजता येतं. एका रेषेतल्या तीन-चार मापांवरून अख्ख्या खांबाचं भाकीत करणारा अहवाल आला, तर जास्त जागांची मापं मागा.

सेन्सर बसवून मोबाइलवर सगळं दिसलं तर बरं नाही का?

मोठ्या वास्तूंना बरं, घराला क्वचितच. कल मोजणारे सेन्सर, भेगेवरचे सरकणमापक, तापमान-आर्द्रतेचे लॉगर हे सगळं बाजारात मिळतं. पण सेन्सर रोज शेकडो आकडे देतो आणि ते बघायला कोणी नसतं. वर्षभराने बॅटरी संपते आणि तेही कोणाच्या लक्षात येत नाही. मेमध्ये कवेलूखालची किंवा पत्र्याखालची उष्णता सोसणारं यंत्र आहे का, हे विकणाऱ्याला आधी विचारा.

जिथे माणूस रोज पोचू शकत नाही, वास्तू उंच आहे किंवा शेजारी खोदकाम चालू आहे, तिथे सेन्सर लावावेत. चीनमधल्या यिंगशियनच्या लाकडी पॅगोडाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंच. त्याचा एक मजला बराच कलला आहे. त्यावर दशकानुदशकं मोजमाप चालू आहे आणि दुरुस्ती नेमकी कशी करायची यावर तज्ज्ञांचा वादही तितकाच जुना आहे. इकोमॉस या जागतिक संस्थेने लाकडी वारशाबद्दलची सुधारित तत्त्वं २०१७ मध्ये आपल्या दिल्लीतच स्वीकारली. नियमित पाहणी आणि निगा यांवर त्यांतही भर आहे, आणि ते काम माणसाचंच आहे.

मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी गॅलरीत किती लोक उभे राहू शकतात?

आकडा विचारलात म्हणून सांगतो: गॅलरी तपासलेली नसेल तर एकही नाही. खेटून उभी राहिलेली गर्दी चौरस मीटरमागे ४०० ते ५०० किलोपर्यंत जाते. राहत्या खोलीचा हिशोब आपल्या मानकांत साधारण २०० किलोचा असतो. त्यात काळी-पिवळी मारबत समोर आली की सगळे एकदम कठड्याकडे सरकतात, म्हणजे भार नेमका टोकाला. कठडा तर आधीच डुगडुगता. आणि तो दिवस पोळ्यानंतरचा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला, लाकूड भिजलेलं असतानाचा. पाहुण्यांना गच्चीचा जिना दाखवा किंवा खाली ओट्यावर खुर्च्या मांडा. काकू रागावतील. रागावू द्या.

शेजारी बेसमेंट खोदतायत. आम्ही काय करायचं?

खोदायच्या आधी मापं घ्या. नंतर घेतलेल्या मापांना कोणी विचारत नाही. सगळ्या भेगांचे फोटो पट्टी ठेवून, तारखेसह काढा आणि शेजाऱ्याला लेखी द्या. काळ्या मातीत उभा खड्डा उघडा राहिला आणि वर पाऊस आला, तर तुमच्या भिंतीखालची माती त्या बाजूला सरकते. खोदकाम चालू असेपर्यंत ओळंबा रोज बघा. रस्तारुंदीकरणात किंवा पाडकामात ब्रेकर चालत असेल तर कंपन मोजून घेता येतं. जर्मनीच्या डीआयएन ४१५० मानकात नाजूक वारसा-इमारतींच्या पायाशी, कमी वारंवारितेच्या कंपनाला सेकंदाला ३ मिलिमीटरची मर्यादा आहे. ठेकेदाराशी बोलताना हा आकडा कामी येतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरासारखं पाणी घरात शिरलं तर?

पाणी ओसरलं की लगेच पंखे लावून रंग-पॉलिश करायला धावू नका. खांबांचे बुंधे उघडे करा, खिडक्या उघड्या ठेवा, लाकूड सावकाश वाळू द्या. मातीच्या भिंतींची जास्त काळजी करा. भिजलेली माती वजन पेलेनाशी होते आणि तो भार अचानक लाकडी चौकटीवर येतो. पहिले काही आठवडे मापं आठवड्याला घ्या.

आणि भूकंप?

आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात नागपूर सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात, म्हणजे झोन २ मध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या, पण अनेक घरांत आतली खणांची लाकडी चौकट उभी राहिली. सांधे घट्ट असतील तर चौकट बरंच सहन करते. वाड्यात जागा करण्यासाठी मधला खांब काढला असेल तर हे विसरा.

आगीचं काय? लाकूड म्हणजे धोकाच ना?

काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला आणि त्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला. तेव्हा धोका आहेच. जाड सागवानी तुळई मात्र एकदम कोसळत नाही. ती मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने जळत जाते, म्हणून माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. पातळ फळ्यांना हे लागू नाही. खरा धोका वायरिंगचा आहे. कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेली जुनी वायर, तिच्यावर नवा एसी. उन्हाळ्यात भर दुपारी थर्मल कॅमेऱ्याने बोर्ड आणि जोड एकदा बघून घ्या.

महापालिकेची नोटीस आली तर?

घाबरून सही करू नका आणि दुर्लक्षही करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाबद्दल नोटीस देता येते. कलम २६५-अ मध्ये तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या स्थैर्य-प्रमाणपत्राची तरतूद आहे. अहवालात इमारत कोणत्या वर्गात टाकली ते आधी वाचा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. सी-१ आणि सी-२-अ मधला निर्णय बरेचदा दोन-चार खांबांच्या बुंध्यांवर अडतो. तिथे तुमच्या वहीतली तीन-चार वर्षांची मापं वजनदार पुरावा ठरतात. घर शहराच्या हेरिटेज यादीत असेल तर त्याची श्रेणी बघा आणि हेरिटेज संवर्धन समितीकडेही जा.

घरात मुलं-म्हातारी माणसं असतील आणि आडवी भेग किंवा सुटलेला सांधा दिसत असेल, तर वादाआधी ती खोली रिकामी करा.

खालून लोखंडी गर्डर टाकून दिला तर कटकट मिटेल?

कधी कधी. पण गर्डर ज्या भिंतीवर टेकणार ती मातीची असेल, तर आजवर चार खांबांतून जमिनीत जाणारा भार आता दोन ठिकाणी एकवटतो. बरेचदा कुजलेलं टोक कापून तिथे वाळलेल्या सागवानाचा तुकडा सांधणं स्वस्त आणि चांगलं पडतं. बल्लारशहा, आलापल्लीचं लाकूड आपल्या दारात आहे, फक्त ते पुरतं वाळलेलं घ्या. ओलं घातलं तर पहिल्याच मेमध्ये सांधा सैल. आणि खांबांना ऑइलपेंट फासू नका. भेगा झाकल्या जातात आणि आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही.

वाड्यात सात वाटेकरी आणि तीन भाडेकरू. वही कोणी ठेवायची?

जो वर्षभर तिथे राहतो त्याने, मालकी कोणाचीही असो. बहुतेक ठिकाणी हा माणूस भाडेकरूच निघतो. आपल्याला घराबाहेर काढण्यासाठी मापं चालली आहेत, असं त्याला वाटतं. म्हणून प्रत्येक नोंदीची झेरॉक्स त्याच्याकडेही द्या. मापं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेर, दोन जणांनी मिळून घ्यायची: एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. वर्षाचं चक्र पुरं झाल्यावर, त्याच महिन्यात, ओळंब्यात तीन-चार मिलिमीटरची भर दिसली की मी इंजिनिअरला बोलवायला सांगतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. एखादा वाटेकरी खोली उघडत नसेल तर त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि खालच्या मजल्याच्या छताला खुणा करून मोजा. बंद खोलीतली गळती बहुतेक वेळा खालच्या कडीपाटावरच पहिल्यांदा दिसते.